विहिरीचं पाणी, खाजन आणि 'क्लोरिनवाली' रसायनं: निसर्गाची किती, आपली किती?

मानशीकाठ (धागाकर्ता)

परवा आमच्या वाड्यावर देवळाच्या सभामंडपात बैठक भरली होती. विषय विहीर. एका मुलाने हौसेने तिचं पाणी खासगी प्रयोगशाळेतून तपासून आणलं. कागदावर 'क्लोराइड ४१०', शेजारी मर्यादा २५० (लिटरला मिलिग्रॅम). झालं! वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, औद्योगिक वसाहत आहे. तिथली 'क्लोरिनची विषं' झिरपत खाली येतात असं एकाने ठरवून टाकलं, दुसऱ्याने डीडीटी काढलं, तिसऱ्याने सरळ कॅन्सर. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून माना माझ्याकडे वळल्या. म्हटलं, बाबांनो, क्लोराइड म्हणजे मीठ. विहीर खाजनाच्या (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या भातशेतीच्या) बांधापासून दोनशे पावलांवर, महिना मे, आणि मानशीची, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दाराची, फळी दोन वर्षं गळतेय. कुंभारजुव्याच्या कालव्याचं खारं पाणी आत येणार नाही तर काय होणार? त्यावर मागून आवाज आला, "मास्तर कंपनीची बाजू घेतात."

राग आला. पण रात्री पडल्या पडल्या वाटलं, माझं उत्तरही अर्धंच होतं. क्लोराइड मिठाचं आहे हे खरं. पण तेवढ्यावरून कार्बनला चिकटलेला क्लोरिन त्या पाण्यात नाही असं कुठे सिद्ध होतं? तो कुणी शोधलाच नव्हता. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकत विटकरी रंग येईपर्यंत मोजायचं, ही शाळेतली चाचणी. तिला सुटा क्लोराइड आयन तेवढा दिसतो. क्लोरोफॉर्ममधला किंवा डीडीटीमधला क्लोरिन कार्बनने घट्ट धरलेला असतो, सिल्व्हर नायट्रेटला तो दाद देत नाही.

तेव्हापासून वाचतोय आणि माझंच शिकवलेलं खोडतोय. कार्बन-क्लोरिनची जोडी म्हणजे माणसाची करामत, असं आम्ही मुलांना सांगायचो. १९६८ च्या सुमाराला निसर्गात बनणारी अशी हॅलोजनयुक्त (क्लोरिन आणि त्याच्या कुटुंबातले ब्रोमिन, आयोडिन वगैरे असलेली) सेंद्रिय संयुगं जेमतेम तीसेक माहीत होती. आज ती पाच हजारांच्या वर गेलीत. गॉर्डन ग्रिबल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं त्यांची मोजदाद केली. आमच्या लहानपणी टायफॉइड झाला की डॉक्टर ज्या कॅप्सूल देत त्या क्लोरॅम्फेनिकॉलच्या रेणूत क्लोरिनचे दोन अणू आहेत, आणि ते १९४७ साली मातीतल्या जीवाणूपासून मिळालं होतं.

सगळ्यात मजा वाटली ती स्वीडनची. तिथे कागदाचा लगदा क्लोरिनने पांढरा करणारे कारखाने सांडपाणी नद्यांत सोडत. ऐंशीच्या दशकात त्यावर मोठा गदारोळ झाला. मग नद्या-तळी मोजायला घेतली, तर ज्यांच्या आसपास कारखाना नाही अशा जंगलातल्या तळ्यांतही क्लोरिनयुक्त सेंद्रिय पदार्थ सापडू लागले. अस्प्लुंड आणि ग्रिमवाल या दोघांनी १९९१ मध्ये मांडलं की हे पदार्थ निसर्गात समजलं जातं त्याहून कितीतरी जास्त पसरलेले आहेत. पानं कुजून जी तपकिरी ह्युमिक माती होते, तिच्यातच बुरशी आणि त्यांची एन्झाइम्स मिठातला क्लोराइड उचलून कार्बनला जोडत होती.

तर जाणकारांना विचारायचंय: आपल्या गोव्यातल्या ओढ्या-नद्यांत निसर्गाचा वाटा कुठून येतो, आपला कुठून, आणि दोन्ही एकाच पाण्यात असतील तर वेगळे ओळखायचे कसे?

---

टिटवी

मास्तर, आधी मानशीची फळी बदला. बाकी चर्चा पावसात करू. 😀

गंमत सोडून सांगते. मीठ समुद्राचंच आहे का, हे स्वस्तात कळतं. त्याच पाण्यातला ब्रोमाइड मोजून घ्या आणि क्लोराइडला त्याने भागा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड आणि ६७ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतो, म्हणजे भागाकार २९० च्या आसपास. विहिरीचा तेवढाच आला तर भरतीचं पाणी. बराच जास्त आला तर शौचालयाचे खड्डे, कारण आपण खातो त्या शुद्ध केलेल्या मिठात ब्रोमाइड फारसा उरत नाही. वाड्यावर किती घरांच्या टाक्या विहिरीच्या वरच्या अंगाला आहेत तेही मोजा. ते कंपनीपेक्षा अवघड जाईल, शेजाऱ्यांचं नाव घ्यावं लागतं.

---

रसायनीबुवा

मी पाणी तपासणीच्या धंद्यात बावीस वर्षं काढली, आता निवृत्त. स्वीडनमध्ये जे मोजलं त्याला एओएक्स (कोळशाला चिकटणारं सेंद्रिय हॅलोजन) म्हणतात. पाणी सक्रिय कोळशावर सोडायचं, सेंद्रिय पदार्थ कोळशाला चिकटतात. मग नायट्रेटच्या द्रावणाने धुऊन मिठाचा क्लोराइड काढून टाकायचा, कोळसा ऑक्सिजनमध्ये जाळायचा, आणि निघालेलं हॅलोजन मोजायचं. क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन सगळं एकाच आकड्यात, क्लोरिन धरून. फ्लोरिन यात येत नाही.

जर्मनीने तर या आकड्यावर सांडपाण्याचा कर बसवला. उद्योगावर लक्ष ठेवायला सोयीचा आकडा आहे, पण त्याला नाव-गाव नसतं. डायॉक्सिनसारख्या जहाल विषातला क्लोरिन आणि कुजलेल्या पानातला क्लोरिन, दोघांनाही सारखेच गुण. जंगलातल्या तळ्यातसुद्धा लिटरला काही दहा मायक्रोग्रॅम सहज निघतात.

आता गोव्याची गोष्ट. या पद्धतीत नमुन्यातला मिठाचा क्लोराइड लिटरला एक ग्रॅमच्या आत असावा लागतो. जास्त असेल तर धुऊनही कोळशावर थोडा राहतो आणि एओएक्स म्हणून मोजला जातो. मे महिन्यातलं पणजीजवळचं मांडवीचं पाणी जवळजवळ समुद्रच. माझ्या उमेदवारीच्या काळात खाडीचा एक नमुना आला. वरिष्ठांनी पातळ न करताच लावायला सांगितला. आकडा असा आला की बघणाऱ्याला वाटावं वर कुठेतरी ब्लीचिंगचा कारखाना फुटलाय. तो कागद कुणीतरी कुठल्यातरी सभेत फडकवलाही. मी त्या दिवशी गप्प बसलो, हे इथे कबूल करतो. खाऱ्या पाण्याला वेगळी पद्धत आहे, आधी सेंद्रिय भाग गाळून घ्यायची. ती कुणी वापरली का, हे विचारल्याशिवाय खाडीच्या एओएक्सवर विश्वास ठेवू नका.

---

कुळागर

एक शंका, हसू नका. बुरशी करते, जीवाणू करतात असं वाचलं. आमच्या बागेत पाच-सहा रोयणी (वाळवीची वारुळं) आहेत. वाळवीचा यात काही हात?

---

भरती_ओहोटी

हसण्यासारखं काही नाही, प्रश्न नेमका आहे. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वारुळांवर मोजमाप करून प्रसिद्ध झालं, त्यात मिथेनच्या जोडीला क्लोरोफॉर्मही बाहेर पडताना दिसला होता. म्हणजे ज्या रोयणीला आपण सातेरी देवी म्हणून हात जोडतो, तिच्यातून क्लोरोफॉर्मचा अंश निघत असणं अगदी शक्य आहे. देवी माफ करो.

माझं काम समुद्री शैवालावर, म्हणून तिकडचं सांगते. जमिनीपेक्षा समुद्र या कामात जास्त तरबेज. लाल शैवालांत अॅस्परागोप्सिस नावाची प्रजात आहे, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही सापडते; ती ब्रोमोफॉर्म (क्लोरोफॉर्मचं ब्रोमिनवालं भावंड) तयार करून पेशींत साठवते, तिला खाणाऱ्यांना दूर ठेवायला. बुवांच्या यंत्राला तोही एओएक्सच. वातावरणातला क्लोरोमिथेन तर मुख्यतः निसर्गाचाच: समुद्र, उष्ण कटिबंधातली झाडं, लाकूड कुजवणाऱ्या बुरश्या, जळणारं रान. खाऱ्या दलदलीतली झाडं तो सोडतात हे कॅलिफोर्नियात मोजलं गेलंय, आणि खारफुटीतूनही तो निघतो. चोडण बेटावर फेरीतून उतरल्यावर दोन्ही बाजूंना दिसते ती खारफुटी आठवा.

मास्तरांच्या गावाला खाजन म्हणजे या सगळ्याची प्रयोगशाळा. भातकापणीनंतर कुजणारी मुळं, भरतीचं मीठ, ऊन, आणि चिखलात काम करणारे जीव. क्लोराइड भरपूर, सेंद्रिय माल भरपूर. तिथे एओएक्स शून्य आला तर मला आश्चर्य वाटेल.

---

धूमकेतू

वा! म्हणजे आता कंपन्यांनी काय म्हणायचं ते तयार करून दिलंत. "आमचं नाही हो, वाळवीचं आहे."

निसर्गात काय बनतं हे ठीक, पण कीटकनाशकं, पीसीबी (ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरत ते), साफसफाईचे सॉल्व्हंट? मानशीवरचा खेकडा पीसीबी बनवतो का?

---

रसायनीबुवा

@धूमकेतू, राग बरोबर दिशेने आहे. नाही बनवत. डीडीटी, लिंडेन, एंडोसल्फान, पीसीबी, यांना निसर्गात आई-बाप नाहीत. एखादा रेणू जरी सापडला तरी तो माणसाच्या हातचा. एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंद केलं, शेतीतला डीडीटी त्याच्याही कितीतरी आधी, १९८९ ला बंद झाला. डासांसाठी मात्र तो पुढेही वापरला गेला. गाळात डीडीटी सापडला तर तो मोडून तयार होणारा डीडीई बघायचा. डीडीई जास्त असेल तर जुनं, मुरलेलं. डीडीटीच जास्त असेल तर कुणीतरी हल्ली टाकलंय.

आणि म्हणूनच मी एकूण आकड्यावर चिडतो. एओएक्स मोठा दिसला की लोक कंपनीवर धावतात, आणि तो 'नैसर्गिक पातळीत' दिसला की कंपनी निर्दोष सुटते. लिटरला पन्नास मायक्रोग्रॅम पानांच्या क्लोरिनखाली दोन मायक्रोग्रॅम कीटकनाशक आरामात लपतं. यादी मागा. प्रत्येक संयुगाचं नाव आणि आकडा.

---

सांगेचा_पाहुणा

डोंगराच्या बाजूने दोन शब्द. मी भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी होतो, आता दुसरंच काही करतो.

मास्तरांच्या बैठकीतल्या लोकांचा पुरावा चुकला, पण बोट बरोबर जागी होतं असं मला वाटतं. सडा म्हणजे जांभा. भोकं आणि भेगा. पावसाचं पाणी सड्यावर मुरतं आणि पायथ्याशी झरीतून बाहेर पडतं. आपल्या गावांनी देवळं आणि कुळागरं त्या झरींपाशीच वसवली. आता वर कुणी यंत्राचे भाग धुतलेलं ट्रायक्लोरोइथिलीन, ड्रायक्लीनिंगचं पर्क किंवा औषध कारखान्यातलं डायक्लोरोमिथेन मागच्या दाराला ओतलं, तर? ही तिन्ही पाण्यापेक्षा जड. पर्क तर दीडपटीहून जड, लिटरला १.६ किलो. तेल पाण्यावर तरंगतं, हे खाली बुडतं, भेगांतून उतरत खालच्या कठीण थरावर जाऊन बसतं, आणि तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. कंपनी बंद पडून तिथे लग्नाचा हॉल झाला तरी खालचं चालूच.

ओढ्याचं पाणी तपासून हे सापडणार नाही. ही द्रव्यं उडून जाणारी, डायक्लोरोमिथेन तर ४० अंशाला उकळतं. उघड्या खळखळत्या पाण्यात ती फार टिकत नाहीत. झरीच्या तोंडाशी, पाणी उजेडात येतं तिथेच नमुना घ्या.

---

मानशीकाठ

@सांगेचा_पाहुणा, हे वाचून थोडा ओशाळलो. आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला खरोखरच एक झर आहे, लहानपणी आम्ही तिथे पोहायचो. बैठकीत मी तिचा विचारही केला नाही. खाजन माझ्या डोळ्यांसमोर होतं, डोंगर त्यांच्या.

---

वेंगुर्लेकर

सीमेपलीकडून बोलतोय. आमच्या ग्रामपंचायतीत विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, ब्लीचिंग पावडर हो. पाणी पुरवठा कर्मचारी डबाभर ओततो आणि जातो, मोजमाप कशाशी खातात ठाऊक नाही. त्यानेही हे पदार्थ होतात ना?

---

सुगंधा_वायंगण

होतात, आणि बहुतेकांच्या पोटात जाणारा क्लोरिनयुक्त सेंद्रिय पदार्थ कंपनीचा नसून नळाचा असतो. १९७४ मध्ये नेदरलँड्सच्या योहानेस रूक यांनी दाखवलं की नदीच्या पाण्यात क्लोरिन घातला की पाण्यातल्या ह्युमिक द्रव्याशी त्याची प्रक्रिया होऊन क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं तयार होतात, ज्यांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. कच्चा माल निसर्गाचा, क्लोरिन आपला. हा वाटा कुठल्या खात्यात टाकायचा ते मास्तरांनी ठरवावं.

ओपाचं जलशुद्धीकरण केंद्र खांडेपार नदीचं पाणी उचलतं. पहिल्या पावसात नदी चहासारखी लाल होते. जांभ्याची माती असते, तशी रानातल्या कुजलेल्या पानांचा अर्कही असतो. तुरटीने तो जितका आधी खाली बसवाल तितका क्लोरिनला खायला कमी उरतो. म्हणून क्लोरिन किती टाकला याइतकंच, तो कधी टाकला हेही महत्त्वाचं. आणि नदीमुखाजवळच्या पाण्यात ब्रोमाइड असेल तर क्लोरिन आधी त्याला जागं करतो आणि ब्रोमिनवाली भावंडं वाढतात. भारतीय मानक १०५०० मध्ये क्लोरोफॉर्मला लिटरला ०.२ मिलिग्रॅम, ब्रोमोडायक्लोरोमिथेनला ०.०६, ब्रोमोफॉर्मला ०.१ अशी वेगवेगळी मर्यादा आहे.

पण वेंगुर्लेकर, कृपा करून पावडर बंद करायला सांगू नका. कॉलरा आणि कावीळ आठवडाभरात झोपवतात, क्लोरोफॉर्मचा धोका आयुष्यभराच्या पिण्याचा. डबाभर ओतण्याऐवजी मोजून घाला, इतकंच. घरी काळजी वाटत असेल तर पाणी झाकण काढून उकळा. क्लोरोफॉर्म ६१ अंशालाच उकळतो, बराचसा उडतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा म्हणजे झालं.

---

पर्यटक_नाही

आमच्या किनारपट्टीचा वाटा कुणीच सांगत नाही म्हणून मी सांगतो. घराशेजारी एक हॉटेल आहे, नाव घेत नाही. हंगाम संपला की तरणतलावाचं पाणी रात्री नाल्यात. सकाळी नाल्यात एक मासा हलत नाही, आणि तो तलावाचा 'क्लोरिनचा वास'. तक्रार केली, पाहणीला माणूस आला तेव्हा नाला धुऊन निघालेला.

---

भरती_ओहोटी

तो वास खरं तर निव्वळ क्लोरिनचा नसतो. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरिन मिसळून क्लोरामाइन होतात, त्यांचा. ज्या तलावाला जास्त वास तो जास्त स्वच्छ, हा समज उलटा आहे.

शिवाय सांडपाण्यातून येणारी यादी लांब आहे. डायक्लोफिनॅक, ज्याने गिधाडं मेली, त्यात दोन क्लोरिन. माणसांना ते अजूनही सर्रास दिलं जातं. मुतारीतल्या रंगीत गोळ्यांपैकी काही पॅराडायक्लोरोबेंझिनच्या. आणि माझा लाडका, सुक्रालोज, शुगर-फ्री गोड पदार्थातला. साखरेच्या रेणूवर तीन क्लोरिन बसवलेत, शरीर ते जवळजवळ पचवत नाही, शुद्धीकरण प्रकल्पही फारसं पचवत नाही. त्यामुळे नदीत सुक्रालोज सापडलं की माणसाचं सांडपाणी तिथे पोचलं, असं धरतात. पर्यटक_नाही, तुमच्या नाल्यात नक्की सापडेल.

---

धूमकेतू

बरं, क्लोरोफॉर्मसारखं दोन्ही बाजूंनी येणारं असेल तर? मास्तरांच्या झरीत क्लोरोफॉर्म सापडला तर वाळवी की कंपनी? ट्रायक्लोरोइथिलीनही शैवाल बनवतं असं कुठेतरी वाचलं होतं.

---

रसायनीबुवा

ट्रायक्लोरोइथिलीनचा दावा झाला होता नव्वदच्या दशकात, पुढे इतरांना तो पडताळता आला नाही. झरीत सापडलं तर मी तरी शैवालाला दोष देणार नाही.

क्लोरोफॉर्मचं खरंच अवघड, पण मार्ग आहे. डेन्मार्कमध्ये सूचिपर्णी जंगलाखालच्या भूजलात क्लोरोफॉर्म सापडला. तिथे कार्बनचे समस्थानिक, म्हणजे कमी-जास्त वजनाचे कार्बन अणू, मोजले. मातीतल्या सेंद्रिय द्रव्यापासून झालेल्या क्लोरोफॉर्ममध्ये कार्बन-१३ चं प्रमाण मातीच्या जवळपास राहतं, कारखान्यातल्या क्लोरोफॉर्ममध्ये ते बरंच कमी. जंगलाचा तो जंगलाचाच निघाला. दुसरा मार्ग कार्बन-१४ चा. खनिज तेलापासून केलेल्या रसायनात तो उरलेलाच नसतो, जिवंत झाडाझुडपातून आलेल्यात असतो. २००५ मध्ये एका व्हेलच्या चरबीतली ब्रोमिनयुक्त द्रव्यं अशीच तपासली. ज्वालारोधकांसारखी दिसणारी ती चक्क समुद्राने बनवलेली होती.

हे सगळं आपल्या गल्लीतली प्रयोगशाळा करणार नाही. पण गरजही नाही पडणार बहुधा. क्लोरोफॉर्म एकटा आला तर थांबून विचार करा. त्याच्या सोबत डायक्लोरोमिथेन, पर्क, ट्रायक्लोरोइथिलीन असा घोळका आला तर वाळवीला सोडून द्या. आणि ऋतू बघा: खारं पाणी मेमध्ये चढतं, ऑगस्टमध्ये उतरतं. झरीतलं सॉल्व्हंट पावसाळ्यात उलट वाढूही शकतं, कारण तेव्हा सडा भिजतो.

---

कुळागर

माझ्या रोयणी सुटल्या म्हणायच्या. जून-जुलैत त्यांच्यावर ओळमी (रानअळंबी) उगवली की कळवतो, क्लोरोफॉर्म सोडून बाकी सगळं असतं तिच्यात.

---

मानशीकाठ

देव बरें करूं सगळ्यांचं. ठरवलंय: तीन जागा, झर, विहीर आणि मानशीच्या आतलं पाणी. आत्ता एकदा, ऑगस्टमध्ये एकदा. क्लोराइड, ब्रोमाइड आणि उडणाऱ्या द्रव्यांची नाववार यादी. बैठकीत मागून ओरडलेला तो इसम बाटल्या धरायला येतो म्हणालाय. बुवा, नमुना कसा घ्यायचा ते सांगा, शाळेचा हात आहे, प्रयोगशाळेचा नाही.

---

रसायनीबुवा

उडणाऱ्या द्रव्यांसाठी चाळीस मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या, झाकणाला आतून टेफ्लॉन. प्रयोगशाळेकडूनच मागा. काठोकाठ भरा, उलटी करून बघा, एकही बुडबुडा नको. बुडबुडा असला की द्रव्य त्यात निसटतं. विहिरीत ब्लीचिंग टाकलेलं असेल तर कुपीत आधी चिमूटभर सोडियम थायोसल्फेट, नाहीतर क्लोरोफॉर्म बाटलीतच बनत राहील आणि तुम्ही वाळवीला शिव्या द्याल. लगेच बर्फात. एक कुपी शुद्ध पाण्याने भरून सोबत फिरवा आणि तीही तपासायला द्या, म्हणजे वाटेत काही शिरलं का ते कळेल. कुप्या स्कूटरच्या डिकीत, पेट्रोलच्या टाकीजवळ नकोत. हात धुवायला साबण वापरलात तर नमुना घेण्याआधी खळाळून धुवा.

---

टिटवी

फेणीची रिकामी बाटली उकळून घेतली तर? घरात बऱ्याच आहेत.

---

रसायनीबुवा

नको गं. अल्कोहोलचा अंश राहतो, आणि तुझ्या घरच्या बाटल्यांना बूच असणार. बुचाला जो कुबट वास लागतो ना, तो ट्रायक्लोरोअॅनिसोलचा. लिटरमागे काही नॅनोग्रॅमसुद्धा नाकाला कळतात. तो बुरशी बनवते, पण ज्या क्लोरोफेनॉलपासून बनवते ते पुष्कळदा माणसानेच लाकडाला फासलेलं किंवा ब्लीचमधून आलेलं असतं. धूमकेतूला विचार, कुणाच्या नावावर टाकायचं.

---

मानशीकाठ

रविवारी ओहोटी सकाळीच आहे, साडेसातला झरीपाशी जमू. टिटवी, तू बर्फाचा डबा आण. बाटल्या घरीच ठेव, भरलेली असेल तर गोष्ट वेगळी.